गर्भवतीची मनःशांती आणि ऑनलाइन ध्यानवर्ग

घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली की साऱ्या कुटुंबात आनंदाचे वारे वाहू लागते. सासूबाई पथ्यपाणी सांगतात, माहेरी बाळंतपणाची तयारी सुरू होते, शेजारपाजारच्या आयाबाया आपापले अनुभव ऐकवतात. डॉक्टर वजन पाहतात, रक्तदाब मोजतात, हिमोग्लोबिन तपासतात, सोनोग्राफी करतात. या सगळ्या धावपळीत एक प्रश्न मात्र बहुधा विचारायचा राहून जातो, 'पोरी, तुझे मन बरे आहे ना?'

हा प्रश्न घरात कोणी विचारीत नाही, म्हणून आजची गर्भवती त्याचे उत्तर मोबाइलवर शोधते. रात्री सारे निजले की ती कानाला इअरफोन लावते आणि एक अनोळखी आवाज तिला सांगतो, 'डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या.' गरोदर स्त्रियांसाठी असे ध्यानवर्ग आज विपुल उपलब्ध आहेत. काही विनामूल्य आहेत, काही महिन्याला शुल्क घेतात. काही केवळ मनःशांतीचे साहाय्य देऊ करतात, तर काही बुद्धिमान संततीचे आश्वासनही देतात.

हे वर्ग घ्यावेत की घेऊ नयेत? त्यांचा खरा उपयोग किती? ख्रिस्ती श्रद्धेशी ते सुसंगत आहेत काय? आणि त्यांची मर्यादा कोठे येते? या प्रश्नांचा शांतपणे विचार करावा, यासाठी हा लेखप्रपंच.

मनाचा आजार हा दोष नव्हे

गर्भारपण म्हणजे केवळ आनंदाचा काळ, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरातील सुमारे १० टक्के गर्भवती आणि सुमारे १३ टक्के नवप्रसूत माता कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने, मुख्यतः नैराश्याने, ग्रस्त असतात. विकसनशील देशांत हे प्रमाण अधिक आहे. तेथे गर्भारपणात १५.६ टक्के आणि प्रसूतीनंतर १९.८ टक्के स्त्रियांना हा त्रास होतो.

आपल्या शेजारच्या गोव्यात झालेला एक अभ्यास या दृष्टीने फार बोलका आहे. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गर्भवतींची गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून पाहणी केली. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या आजारी मातांपैकी ७८ टक्के जणींना गर्भारपणातच लक्षणीय मानसिक त्रास होत होता. म्हणजे दुखणे बाळंतपणानंतर आले असे आपल्याला वाटते, पण त्याची सुरुवात बहुतेकींच्या बाबतीत आधीच झालेली असते, आणि कोणाचे तिकडे लक्ष गेलेले नसते.

या नैराश्याशी कोणत्या गोष्टी जोडलेल्या दिसल्या? आर्थिक ओढाताण, नवरा-बायकोतील बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्याची खंत. या शेवटच्या कारणापाशी आपण सर्वांनी क्षणभर थांबावे. बाळ मुलगा की मुलगी या प्रश्नाचे ओझे त्या माउलीच्या मनावर कोण ठेवते? ते ठेवणारे बहुधा तिच्या घरातीलच असतात.

पूर्वी झालेला गर्भपात, प्रसूतीवेदनांची भीती, नोकरीची चिंता, पतीचे व्यसन, गर्दीच्या लोकलगाडीतून रोजचा प्रवास, अपुरी झोप आणि शरीरात होणारे संप्रेरकांचे बदल, अशी आणखी कारणेही असतात. त्यात आपण तिला बजावतो, 'रडू नकोस, बाळावर परिणाम होईल.' हेतू चांगला असतो. पण मूळ दुःखाबरोबर आता तिला अपराधीपणाचे ओझेही वाहावे लागते. ती रडणे थांबवीत नाही, ती एकटीने रडू लागते.

हे वर्ग आले कोठून?

आज ऑनलाइन मिळणाऱ्या अनेक ध्यानवर्गांचे मूळ अमेरिकेतील एका रुग्णालयात सापडते. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध परंपरेतील ध्यानपद्धतीचा आधार घेऊन, परंतु धार्मिक विधी बाजूला ठेवून, त्यांनी तो आखला होता. 'माइंडफुलनेस', म्हणजे सजगता, हा शब्द पुढे त्यातूनच रुग्णालयांत रूढ झाला.

नॅन्सी बार्डाके या अनुभवी सुईणीने १९९८ साली हीच पद्धत गर्भवती स्त्रिया व त्यांचे पती यांच्यासाठी योजली. प्रसूतीच्या कळा सोसताना श्वासाचा आधार कसा घ्यावा आणि बाळ आल्यावर रात्रीच्या जागरणात मन कसे सांभाळावे, याचे शिक्षण त्यात दिले जाते. पतीलाही या वर्गात स्थान आहे, ही त्यातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

या प्रकारच्या प्रशिक्षणाचा उपयोग होतो काय, हेही तपासले गेले आहे. सोना दिमिजियन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ८६ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्व स्त्रियांना पूर्वी नैराश्य येऊन गेलेले होते. ज्यांनी सजगतेचे आठ आठवड्यांचे प्रशिक्षण घेतले, त्यांच्यापैकी १८.४ टक्के जणींना प्रसूतीनंतरच्या सहा महिन्यांपर्यंत पुन्हा नैराश्य आले. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले, त्यांच्यात हेच प्रमाण ५०.२ टक्के होते. अभ्यास लहान असला तरी हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मात्र हे वर्ग प्रत्यक्ष भरत होते, त्यांना प्रशिक्षित शिक्षक होते आणि बरोबरीने शिकणाऱ्या इतर गर्भवती होत्या.

मोबाइलवरून दिलेल्या प्रशिक्षणाचेही अभ्यास झाले आहेत. चीनमध्ये नैराश्याची लक्षणे असलेल्या १६८ गर्भवतींचा असा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे मोबाइलवर सजगतेचा सराव करणाऱ्या स्त्रियांची लक्षणे तुलनेने अधिक कमी झाली. ऑनलाइन वर्गांची मोठी अडचण वेगळीच असते. पहिल्या आठवड्यात उत्साहाने सुरुवात करणाऱ्या अनेक जणी पुढे हळूहळू गळतात. पाठीवर हात ठेवून 'काल का आली नाहीस?' असे विचारणारे तेथे कोणी नसते.

ध्यानाने नेमके काय घडते?

भीती वाटली की छातीत धडधडते, श्वास उथळ होतो, खांदे आखडतात. शरीर जणू संकटाशी झुंजायला सज्ज होते. हीच अवस्था आठवडेच्या आठवडे टिकली, तर झोप उडते, भूक मंदावते, चिडचिड वाढते. श्वास सावकाश घेतला, विशेषतः तो हळूहळू सोडला, की हृदयाची गती मंदावते आणि शरीराला विसाव्याचा संकेत मिळतो. ध्यानवर्गाचा पहिला भाग हा असा शरीराशी संबंधित आहे.

दुसरा भाग विचारांचा आहे. 'माझे बाळ नीट असेल ना?' हा विचार मनात आला की त्याच्यामागून दहा विचार धावत येतात. ध्यानात त्या विचारांशी भांडण करायचे नसते. 'हा एक विचार आहे, तो आला आहे, तो जाईलही,' असे ओळखून लक्ष पुन्हा श्वासाकडे, पायांच्या तळव्यांकडे किंवा पोटावर ठेवलेल्या हाताकडे आणायचे असते. मन शंभर वेळा भरकटले तर शंभर वेळा त्याला परत आणायचे, हाच तो सराव. मन भरकटले म्हणजे आपण नापास झालो, असे मानण्याचे कारण नाही.

ख्रिस्ती भाविकाने ध्यान करावे काय?

आपल्यापैकी अनेकांच्या मनात ही शंका असते, आणि ती रास्त आहे. विश्वाससिद्धांतविषयक मंडळाने १५ ऑक्टोबर १९८९ रोजी ख्रिस्ती ध्यानासंबंधी जगभरच्या बिशपांना एक पत्र पाठवले होते. इतर धर्मपरंपरांतील ध्यानपद्धतींमध्ये जे उपयुक्त आहे, ते ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप न बिघडवता घेता येईल, असे त्यात म्हटले आहे. त्याचबरोबर एक इशाराही दिला आहे. शरीर शांत झाल्याने लाभणारी सुखद भावना म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन, अशी गल्लत करू नये. श्वासाचा व्यायाम हा व्यायाम आहे. प्रार्थना म्हणजे परमेश्वराशी संवाद.

ही मर्यादा ध्यानात ठेवली, तर गोंधळ होत नाही. आपल्या परंपरेतही शांत चिंतनाची समृद्ध वाट आहे. संत इग्नेशियस लोयोला यांची आध्यात्मिक साधना १५४८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन यांनी विसाव्या शतकात 'मारानाथा' या प्राचीन ख्रिस्ती प्रार्थनाशब्दाच्या संथ उच्चारावर आधारलेले ध्यान पुन्हा प्रचारात आणले. ब्रिटनमधील येशूसंघीयांनी २००६ मध्ये प्रवासात ऐकता येईल अशी दैनंदिन ध्वनिप्रार्थना इंटरनेटवर सुरू केली. आणि आपली जपमाळ तर प्रत्येक घरात आहेच. मणी बोटांतून सरकत असताना श्वासाला आपोआप एक लय येते, हे आपल्या आजींना कोणी शिकवावे लागले नाही.

येथे गर्भसंस्काराच्या नावाने चालणाऱ्या ऑनलाइन वर्गांविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत बाळाला आवाज ऐकू येतो, आईचा आवाज ते ओळखू लागते, हे खरे आहे. आईने गावे, बोलावे, प्रार्थना म्हणावी. त्यात आनंदच आहे. मात्र अमुक वर्ग केल्याने बाळ असामान्य बुद्धीचे होईल, अशी हमी कोणी देत असेल, तर सावध व्हावे. अशा हमीची दुसरी बाजू क्रूर असते. बाळाला जन्मतः काही व्यंग निघाले, तर आई स्वतःलाच दोषी धरते. मूल ही परमेश्वराची देणगी आहे. ते आईच्या परीक्षेचा निकाल नव्हे.

वर्ग निवडताना आणि ध्यान करताना

१. प्रथम आपल्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना सांगावे. पूर्वी नैराश्य, उन्माद किंवा अन्य मानसिक आजार झाला असेल, किंवा एखादा भीषण प्रसंग मनात घर करून असेल, तर एकटीने दीर्घ ध्यान करू नये. डोळे मिटून शांत बसल्यावर काही जणींच्या जुन्या आठवणी उफाळून येतात व त्रास वाढतो. असे झाल्यास डोळे उघडावेत, ध्यान थांबवावे आणि जाणकाराशी बोलावे.

२. शक्य असल्यास ध्वनिमुद्रित वर्गापेक्षा, शिक्षक समोर असून प्रश्न विचारता येतील, असा थेट वर्ग निवडावा. शिक्षकाचे प्रशिक्षण कोठे झाले आणि गर्भवतींना शिकवण्याचा अनुभव किती, हे विचारण्यात संकोच नसावा.

३. दिवसातून १० मिनिटांपासून सुरुवात पुरेशी आहे. पाठीला उशीचा आधार देऊन खुर्चीवर बसावे किंवा कुशीवर निजावे. गर्भारपणाच्या उत्तरार्धात बराच वेळ उताणे निजू नये.

४. श्वास रोखून धरणे, तसेच कपालभाती, भस्त्रिका यांसारखे वेगाचे श्वसनप्रकार टाळावेत. चक्कर आली किंवा दम लागला तर लगेच थांबावे.

५. पैसे भरण्यापूर्वी अटी वाचाव्यात. विनामूल्य मुदत संपल्यावर खात्यातून आपोआप रक्कम कापली जाते काय, हे पाहावे. आपली माहितीही जपावी. मासिक पाळी व गर्भारपणाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका ॲपने वापरकर्त्यांची माहिती इतर कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२१ मध्ये त्याच्यावर कारवाई केली होती.

६. चालू असलेले औषध ध्यानाच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नये.

आणखी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. बाळाची हालचाल कमी जाणवणे, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे, ही लक्षणे म्हणजे श्वासाने शांत करायची 'चिंता' नव्हे. अशा वेळी इअरफोन काढून ठेवावा आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

ध्यान पुरे पडत नाही तेव्हा

नेहमीची काळजी आणि आजार यांतील सीमारेषा कशी ओळखावी? उदासी दिवसभर आणि सलग दोन आठवडे टिकली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, बाळ निजलेले असतानाही झोप येत नसेल, 'मी चांगली आई होऊच शकत नाही' असे सतत वाटत असेल, तर तो उपचाराचा विषय आहे. प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत अनेक मातांना विनाकारण रडू येते. ते बहुधा दोन आठवड्यांच्या आत ओसरते. त्यापुढे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टर व परिचारिका यासाठी १० प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतात. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झालेली ही 'एडिंबरो' प्रश्नावली मागील सात दिवसांतील मनःस्थितीविषयी विचारते. तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारासंबंधी आहे. हा प्रश्न विचारल्याने तसा विचार मनात भरतो, ही भीती निराधार आहे. उलट, कोणीतरी विचारले म्हणून अनेकींना बोलता येते.

प्रसूतीनंतर दर हजार मातांमागे एक-दोघींना तीव्र स्वरूपाचा मानसिक आजार होतो. भास होणे, असंबद्ध बोलणे, बाळाविषयी विचित्र समज होणे, अशी त्याची लक्षणे असतात. ही बाधा किंवा करणी नव्हे. ती वैद्यकीय आणीबाणी आहे. आईला व बाळाला एकटे न ठेवता त्वरित रुग्णालयात न्यावे. योग्य उपचारांनी बहुतेक माता पूर्ण बऱ्या होतात.

केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्यसेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. तसेच प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. तेथे मनाच्या त्रासाविषयीही निःसंकोच बोलावे.

आपण काय करू शकतो?

पुन्हा एकदा गोव्याकडे वळू या. तेथे 'संगत' या संस्थेने नैराश्य आलेल्या २८० गर्भवतींसमवेत एक प्रयोग केला. निम्म्या जणींच्या घरी त्यांच्यासारख्याच साध्या स्थानिक स्त्रिया थोडे प्रशिक्षण घेऊन जात, त्यांचे ऐकून घेत, छोट्या छोट्या गोष्टींत साथ देत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सहा महिन्यांनंतर नैराश्यातून बाहेर पडलेल्यांचे प्रमाण अशी साथ मिळालेल्या मातांमध्ये अधिक होते. या सोबतिणी मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. त्या शेजारणी होत्या.

आमच्या मते या साऱ्या चर्चेचे सार येथे आहे. ऑनलाइन ध्यानवर्ग ही हातातील काठी आहे. चढण चढताना काठीचा उपयोग होतो, परंतु थकलेल्या माणसाला काठीबरोबर सोबतही लागते. पतीने रोजची दहा मिनिटे तिच्याबरोबर शांत बसावे. त्याला ध्यान येत नसेल तर नुसते बसावे. सासूबाईंनी उपदेश करण्याआधी ऐकून घ्यावे. परदेशी गेलेल्या आपल्या लेकीसुनांना व्हिडिओ कॉलवर 'जेवलीस का?' या प्रश्नाबरोबरच 'झोप लागते का?' हेही विचारावे. धर्मग्रामांतील महिला मंडळे आणि लघु ख्रिस्ती समूहांनी आपल्या वाडीत कोण गरोदर आहे याची आपुलकीने माहिती ठेवावी. अनुभवी परिचारिका आणि सिस्टर्स आपल्यात आहेत. महिन्यातून एकदा गर्भवतींसाठी एक तासाची भेट ठरवणे अवघड नाही. विवाहपूर्व तयारी वर्गांतही या विषयासाठी वेळ राखून ठेवता येईल.

पवित्र मरियेला देवदूताचा निरोप मिळाला, त्यानंतर ती डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथच्या घरी गेली आणि सुमारे तीन महिने तेथे राहिली, असे संत लूक सांगतो. दोघी गरोदर होत्या, दोघींच्याही आयुष्यात अनपेक्षित असे काही घडले होते. अंतःकरणात चिंतन करणारी मरियाही एकटी राहिली नाही. तिने दुसरीचा उंबरठा ओलांडला, आणि त्या घराने तिचे स्वागत केले.

आपल्या वाडीत, आपल्या इमारतीत, कदाचित आपल्याच घरात आज एखादी मरिया रात्री इअरफोन लावून शांती शोधत असेल. तिने ती अवश्य शोधावी. पण उद्या सकाळी तिच्यासाठी चहाचा कप घेऊन जाणारी आणि तिच्याजवळ थोडा वेळ बसणारी एलिझाबेथ आपल्यापैकी कोणीतरी व्हावी, हीच आमची सर्व वाचकांना कळकळीची विनंती.